वेगोबाची गाडी आणि बायकोचं माप

वेगोबा लिफ्ट दुरुस्त करायचा. नोकरीची सगळी वर्षं त्यानं लोकांना सरळ वर नेलं आणि सरळ खाली आणलं, तेही कुणाच्या पोटात गोळा येणार नाही अशा बेतानं. त्यामुळे घरी आला की त्याला आडवं आणि सुसाट जायची हुक्की यायची. वेगोबा हे नाव त्याच्या मेहुण्यानं ठेवलं होतं, आणि गल्लीनं ते इतक्या आनंदानं उचललं की टपाल वाटणारासुद्धा त्याच नावानं हाक मारायचा.

एवढं नाव कमवायला गाडी किती पळाली म्हणाल, तर अजिबात नाही. ती गॅरेजात चार लोखंडी घोड्यांवर, चाकं अधांतरी ठेवून, चढवलेली होती. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा चढवली, ती मुलगी शिकून नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली तरी गाडी काही खाली उतरली नाही.

गाडी साधीच, बुटकी, मागचं दार वर उचलून सामान टाकायची. खरं तर घेतली होती बायकोसाठी. बायको कपडे शिवायची. कापडाचे तागे आणायला, शिवलेले कपडे पोचवायला तिला गाडी लागायची, आणि ती चालवायचीही झकास. मग एका सुट्टीच्या दिवशी वेगोबा म्हणाला, "जरा सायलेन्सर बदलतो. दोन दिवसांत देतो."

ते दोन दिवस संपलेच नाहीत. सायलेन्सर बदलला म्हणून हवा ओढायचा पाइप बदलावा लागला. पाइप बदललाच आहे तर टर्बो का नको? टर्बोनं इंजिन तापायला लागलं म्हणून मोठा रेडिएटर आणला, तो मावेना म्हणून पुढचा पत्रा कापला, आणि गाडी आता पळणारच तर थांबायलाही हवी म्हणून ब्रेक बदलले. एक भानगड निस्तरायला दुसरी, दुसरी झाकायला तिसरी. बायको तागे खांद्यावर घेऊन बसनं ये-जा करू लागली.

त्यात घरातली एकुलती मोठी खिडकी गॅरेजात. तिथे दिवसभर असा स्वच्छ उजेड यायचा की काळ्या कापडावर काळा दोरासुद्धा दिसावा. त्या उजेडात वेगोबाचे नट-बोल्ट लोळायचे, आणि बायको जेवणाच्या टेबलावर दिवा लावून शिवायची. जेवायच्या वेळी मशीन उचला, जेवण झालं की पुन्हा मांडा. ताटात टाचणी निघाली तर घरात कुणी दचकायचंही बंद झालं होतं.

बरं, नवऱ्याचा शौक नवऱ्यानं करावा, तर तेही नाही. हे काम एकट्याचं नसतं. ब्रेकच्या नळीत अडकलेली हवा काढायची तर एकानं चाकापाशी बसून स्क्रू सोडायचा आणि दुसऱ्यानं आत बसून पेडल दाबायचं. हा दुसरा म्हणजे बायको. वेगोबा खालून "दाब" म्हणायचा, ती दाबायची, "सोड" म्हणायचा, ती सोडायची, आणि मधल्या वेळात ब्लाउजला हुक लावायची. इंजिन चालू करायचं तरी किल्ली तीच फिरवणार, कारण वेगोबाचं डोकं बोनेटमध्ये. गाडीचा आवाज डॉक्टरनं छाती ऐकावी तसा ऐकावा लागतो, असं त्याचं मत. एकूण काय, इतक्या वर्षांत त्या गाडीत बसलेला वेगोबा कुणी पाहिला नव्हता.

पुढे त्याला वजन कमी करायचं खूळ लागलं. मागची सीट गेली, गालिचा गेला, रेडिओ गेला. काढलेली प्रत्येक वस्तू तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचा आणि लॉटरी लागल्यासारखा आकडा वाचून दाखवायचा.

"स्वतः बसा एकदा त्या काट्यावर," बायको म्हणाली.

"मी गाडीचा भाग नाहीये," तो म्हणाला.

गावाबाहेर विमानांची एक जुनी धावपट्टी बंद पडली होती. तिथे वर्षातून एकदा हौशी मंडळी आपापल्या गाड्या पळवायची आणि वेळ मोजायची. वेगोबा दर वर्षी नाव द्यायचा आणि दर वर्षी काहीतरी फुटायचं, वितळायचं नाहीतर गळायचं. बायकोचा धाकटा भाऊ मात्र शोरूममधून आणलेली चकचकीत गाडी घेऊन जायचा आणि परत आल्यावर जेवता जेवता विचारायचा, "काय वेगोबा, घोडं अजून पेंड खातंय का?"

अशाच एका जेवणात बायकोचा बांध फुटला. तिनं हातातला चमचा खाली ठेवला आणि शांतपणे शर्त घातली. यंदा ही गाडी स्वतःच्या इंजिनावर त्या पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, तर गॅरेज कायमचं गाडीचं. नाही गेली, तर गाडी भंगारात आणि गॅरेजात शिवणाचं टेबल. भाऊ साक्षीदार. वेगोबा "ठीक आहे" म्हणाला खरा, पण अर्ध्या ताटावरून उठून थेट गॅरेजात गेला.

मग त्यानं खरोखर कंबर कसली. इंजिन गोड चालायला लागलं. शेवटचं काम उरलं ते शर्यतीच्या सीटचं, कमरेला दोन्हीकडून कवळणाऱ्या त्या खोलगट खुर्चीचं. खुर्ची पुढे-मागे सरकवायची लोखंडी पट्टी त्यानं वजनासाठी काढून टाकली. आता खुर्ची एकाच जागी पक्की वेल्ड करायची. त्यानं बायकोला आत बसवलं, पाय पेडलवर ठेवायला सांगितले, स्टिअरिंग तिच्या हाताशी ओढून घेतलं आणि गाडीच्या तळपत्र्यावर खडूच्या खुणा करायला लागला.

बायको शिवणारी. मांडीची लांबी, हाताची पोच, कमरेचा घेर तिला नजरेनं कळायचा. हा माणूस स्वतःचा कोट दुसऱ्याच्या अंगावर बेततोय, हे पहिल्याच खुणेला तिच्या लक्षात आलं. तिनं बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात खिडकीतला उजेड तिच्या मांडीवर पडला. केवढा तो उजेड. तिनं तोंड मिटलं.

"बरोबर वाटतंय ना?" वेगोबानं विचारलं.

"अगदी बरोबर," ती म्हणाली. आणि ते खोटंही नव्हतं.

इतका दणदणाट करणारी गाडी रस्त्यावर काढायची सोय नव्हती, म्हणून ती टेम्पोवर चढवून धावपट्टीवर नेली. नंबर आला. वेगोबानं हेल्मेट चढवलं, दार उघडलं आणि बूड आत टाकलं. बूड अर्ध्यावर अडकलं. त्यानं श्वास आत ओढून जोर केला, तेव्हा ते फटकन आत गेलं आणि गुडघे स्टिअरिंगखाली असे रुतले की पाय पेडलवर जाईनात आणि बाहेरही येईनात. मागच्या रांगेतून हॉर्न वाजायला लागले. शेवटी रांगेतल्या दोघांनी काखेत हात घालून त्याला ओढून काढलं, बाटलीतून बूच काढावं तसं. लोक पोट धरून हसले. भावानं तर मोबाईल काढून चित्रण केलं.

वेगोबा हेल्मेट न काढताच गाडीला टेकून उभा राहिला. "संपलं," तो म्हणाला. "खोली तुझी." आणि काच वर न करता आतल्या आत नाक ओढलं.

बायको जिंकली होती. एक शब्दही न बोलता जिंकली होती, आणि तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. तरीही ती गप्पच राहिली असती, टेबल कुठे लावायचं हे मनात ठरलंसुद्धा होतं. पण वेळ मोजणाऱ्यानं विचारलं, "दुसरं कुणी चालवणार आहे का?" आणि भाऊ पटकन म्हणाला, "ताई? छे हो. तिला आता बसमध्ये बसायची सवय झालीये."

ही बस तिला लागली. तिनं नवऱ्याच्या डोक्यावरून हेल्मेट उतरवलं आणि गाडीत बसली. गाडी तिला हातमोज्यासारखी बसली.

निशाणवाला समोर उभा राहिला. क्लच जरा झटक्यात सोडायचा अवकाश, इंजिन बंद पडेल, लोक हळहळतील, खोली मिळेल, आणि कुणाला संशयही येणार नाही. पाय तिचाच होता. तिनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं. तो डोळे मिटून आवाज ऐकत होता.

निशाण पडलं आणि गाडीनं तिला पाठीत रट्टा घातला.

दुसरा गिअर चुकला. बाजूचा आरसा एका खांबाला लागून तुटून गेला, वजन आणखी कमी झालं. भावाच्या गाडीपेक्षा बराच जास्त वेळ लागला. पण गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, आणि परत आली तेव्हा बायको आतून उतरेचना. "अजून एकदा जाऊ देतात का विचारा," ती म्हणाली. एकदा नाही, चांगली तीनदा गेली. तिसऱ्यांदा भावानं मोबाईल खिशात ठेवला.

घरी परतताना टेम्पोत वेगोबा म्हणाला, "मापात कशी चूक झाली काही कळत नाही."

"मला कळलं होतं," बायको म्हणाली. "खुणा करत होतात तेव्हाच. मला खोली हवी होती, म्हणून बोलले नाही."

त्यानं मान रस्त्याकडे फिरवली. रागावला असावा, आणि त्याचा हक्कच होता. पण घराच्या फाटकाशी गाडी उतरवली तेव्हा तोच म्हणाला, "मी तरी तुझी गाडी दोन दिवसांच्या बोलीवर नेली आणि इतकी वर्षं दिली नाही. खोली घे. गाडी अंगणात राहील, वर ताडपत्री टाकू."

बायकोनं गाडीकडे पाहिलं. बोनेट अजून गरम होतं.

"अंगणात नको. गंजेल," ती म्हणाली. "गाडी आत जाईल. मशीन बैठकीच्या लहान खिडकीत येईल, तुमची आरामखुर्ची तिथून काढा."

वेगोबानं गाडी आत ढकलायला हात लावला. "मग ही सीट तेवढी कापतो, सरकती पट्टी परत बसवतो," तो म्हणाला. "म्हणजे मलाही चालवता येईल."

"माझ्या सीटला हात लावायचा नाही. आधी तो दुसरा गिअर बघा."

"अगं, पण मग मी कधी चालवायची?"

बायकोनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, नव्या गिऱ्हाइकाला न्याहाळते तसंच.

"तुमच्या मापाची वेगळी गाडी करा ना," ती म्हणाली. "फक्त ठेवणार कुठे ते तुम्ही बघा, गॅरेजात आता जागा नाही."