तोंडं बांधून डोळे उघडताना

माणसाचं तोंड बांधलं की गप्पा बंद होतील असं वाटतं ना? खोटं! मी डिचोलीच्या एका डोळ्यांच्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरची नर्स. माझ्याकडचे निम्मे किस्से करोनाच्या काळातलेच!

*

पीपीई किट घालून केलेलं पहिलं ऑपरेशन. आत घामाच्या धारा. आमच्या डॉक्टर शिल्पा मॅडमनी मायक्रोस्कोपला डोळे लावले, तर मास्कमधून वर आलेल्या वाफेने काचा धुरकट!

"सिस्टर, मोतीबिंदू नक्की कोणाला? पेशंटला की मला?"

मग मी त्यांच्या मास्कची वरची कड नाकावर चिकटपट्टीने बंद केली. ऑपरेशन झकास झालं. पण नंतर पट्टी ओढताना मॅडम अशा किंचाळल्या, की बाहेर बसलेला पुढचा पेशंट चपला शोधायला लागला!

*

ऑपरेशनआधी नाकातला स्वॅब घ्यायचा नियम होता. मुळगावच्या एक आजी नाकाकडे येणारी काडी बघून मागे सरकल्या आणि स्वतःच्या डोळ्यावर बोट ठेवून म्हणाल्या,

"बाय, दोळो खंय आसता तें तुका खबर आसा मगे?"

*

मांद्र्याचे एक मासेमार काका. मोतीबिंदूच्या ऑपरेशनात पेशंट जागाच असतो. काकांनी घाबरून मास्कच्या आतून मोठ्याने भजन सुरू केलं.

मॅडम म्हणाल्या, "काका, आवाज नको, संसर्गाचा धोका वाढतो. मनात म्हणा."

"मनातलं देवाला कळेल हो! पण मी जिवंत आहे हे तुम्हाला कसं कळणार?"

*

आणि पेडण्याच्या सावित्रीकाकू. एक डोळा लहानपणीच गेलेला. दुसऱ्यातला मोतीबिंदू लॉकडाउनमध्ये पिकून फुगला, डोळ्यातला दाब वाढला. वेदनेने भिंतीला डोकं टेकून बसलेल्या. त्यात टेस्ट पॉझिटिव्ह! लस तेव्हा आलेली नव्हती.

मॅडम म्हणाल्या, "थांबलो तर हाही डोळा जाईल. ज्यांना भीती वाटते त्यांनी बाहेर राहावं, मी रागावणार नाही."

माझी मुलगी लहान होती. भीती वाटत होतीच. मी ग्लोव्हजवर दुसरे ग्लोव्हज चढवले आणि आत गेले.

ऑपरेशन नीट पार पडलं. आम्हा कोणालाच काही झालं नाही. बऱ्या झाल्यावर काकू तपासणीला आल्या, भिंतीवरची अक्षरं वाचली आणि म्हणाल्या, "आता माका माझी सून बघूची आसा."

मुलाचं लग्न लॉकडाउनमध्येच झालेलं. तेव्हापासून सूनच त्यांना हाताला धरून फिरवत होती. तिचा चेहरा मात्र काकूंनी कधी पाहिलाच नव्हता; आधी मोतीबिंदू आड आला, मग विलगीकरण आणि मास्क.

इस्पितळाच्या अंगणात सून लांब, फणसाखाली जाऊन उभी राहिली. तिने मास्क काढला. काकू कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"घाल गे बाय, तो मास्क परत घाल," काकू म्हणाल्या. "माझीच दिष्ट लागात तुका!"