विल्फचा पलंग

विल्फ हेसल्डनच्या तोंडी उभा जन्म एकच शब्द: डाउन. खाणीत उतरायचं ते डाउन, कोळशाचा भाव पडला की डाउन, मन खट्टू झालं तरी डाउन. लंडनलासुद्धा हे उत्तर इंग्लंडातले, डरहॅमकडचे लोक डाउनच जातात, जणू लंडन विहिरीत आहे. मिसरूड फुटायच्या आधीपासून हा माणूस खाणीच्या लिफ्टच्या पिंजऱ्यात उभा राहून जमिनीच्या पोटात जात आला, कधी कुरकुरला नाही. आता मात्र घरच्या जिन्यानं खाली यायला तयार नव्हता.

छातीत कोळशाची धूळ बसलेली. तो वरच्या खोलीत पडून, आणि त्याची बायको एडना गुडघे धरून दिवसभर चहा, सूप, भांडं घेऊन वरखाली. मंगळवारी ती जिन्याच्या वळणावर घसरली. सूप भिंतीवर गेलं. हाडं शाबूत राहिली हे नशीब.

"आता तरी खाली पुढच्या खोलीत ये ना रे," ती म्हणाली.

"तिथे गेलेला माणूस आडवाच बाहेर पडतो. पलंग खाली आला की गल्लीतल्या बायका मयताच्या जेवणाचं हॅम उकडायला घेतात."

"मग मी जिन्यावर मान मोडून घेते. दोघांचं एकदम उकडतील, स्वस्तात पडेल."

तो हसला, खोकला, आणि भिंतीकडे वळला. झालं!

संध्याकाळी नॉर्मन आला. शेजारी, खाणीतला जुना जोडीदार. एडना चहा घेऊन वर निघाली होती, वळणावर दम लागला म्हणून पायरीवर टेकली. वरचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"खाणीत उतरताना गाणी म्हणायचास गड्या, आणि जिन्याला घाबरतोस?"

"घाबरतोय कोण? दवाखान्यातून देतात तो पलंग एकट्याचा असतो. ती वर एकटी झोपणार. माझ्या पाठीला पाठ लागल्याशिवाय तिला झोप येत नाही, नॉर्मन. मी रात्रपाळीला असलो की टक्क जागी असायची."

"मग हाच न्यायचा."

"वळणातून जात नाही. लग्नात खिडकी काढून वर चढवला होता."

एडनाच्या मांडीवर चहा निवून गेला. मग ती उठली आणि दारात उभी राहिली.

"नॉर्मन, तुझ्याकडे करवत आहे ना? उद्या घेऊन ये."

"अगं, माझ्या आईनं दिलेला पलंग तो!" विल्फ ओरडला.

"तुझी आई येऊन झोपणार आहे का त्यावर?"

नॉर्मननं पलंग मधोमध कापला, खाली नेला, लोखंडी पट्ट्या ठोकून जोडला. विल्फ लहान पोरासारखा बसून एकेक पायरी उतरला. मागून एडनानं त्याचे खांदे धरले होते. खाली उभ्या नॉर्मननं कठड्यावर तीनदा ठोकलं. खाणीतली खूण: पिंजऱ्यात कोळसा नाही, माणूस आहे, हळू सोडा.

"आगाऊ कुठला," विल्फ म्हणाला, पण त्याचे डोळे भरून आले होते.

नॉर्मन गेल्यावर एडनानं खिडकीचा पडदा ओढला. त्या गल्लीत भरदिवसा पडदा म्हणजे मयत. घटकाभरात दारावर हलकेच टकटक झाली. समोरच्या मिसेस पिकरिंगचा रडवेला आवाज आला, "एडना, गं बाई..."

"झोपलोय आम्ही!" एडना आतून ओरडली. "दोघंही!"