श्रावणातली पालेभाजीची वाटी

ऐन श्रावणात एका सकाळी आईचा टूथब्रश लाल झाला, आणि मुकुंदवाडीतल्या आमच्या घरात सगळ्यांचेच आवाज खाली आले.

आईच्या हृदयात धातूची झडप आहे. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रोज रक्त पातळ करायची गोळी. त्या गोळीचं आणि पालेभाजीतल्या ‘के’ जीवनसत्त्वाचं उभं वैर: भाजी जास्त झाली की गोळी चालत नाही, कमी पडली की रक्त फारच पातळ होतं. म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, ‘पालेभाजी रोज एक वाटी. जास्त नको आणि कमीही नको.’ बायको वाटी भरून वाढायची, वाटी रिकामी परत यायची. मी निर्धास्त!

तातडीनं रक्त तपासलं. नको तितकं पातळ. डॉक्टर फोनवर म्हणाले, “आजची गोळी देऊ नका. आईंना पडू देऊ नका. डोकं दुखलं तर तडक घेऊन या. पालेभाजी बंद केली का?”

मी तेच आईला विचारलं.

“खाते की! रिकामी वाटी दिसत नाय का रोज?” ती इतक्या ठसक्यात म्हणाली की मीच ओशाळलो.

तेवढ्यात शेजारच्या भाभी आमचाच स्टीलचा डबा घेऊन दारात. “अम्मा, कल की मेथी क्या मजेदार थी! बच्चे रोज पूछते, आज क्या आता बोलके.”

मी फोन कानाला धरूनच आईकडे वळलो. आई खिडकीबाहेर बघू लागली.

“श्रावणात पालेभाजी सोडलीय मी. झडप नीट चालू दे म्हणून देवाला बोलले. सांगितलं असतं तर पाळू दिलं असतं व्हय?”

मला हसू फुटत होतं. तरी दिवसभर तिला एकटीला उठू दिलं नाही. तिनं नुसती कूस बदलली तरी मी विचारायचो, “डोकं दुखतंय?”

“तुझ्यानं दुखायला लागलं!” ती खेकसायची.

दुसऱ्या दिवशी रक्त जरा सावरलं. डॉक्टरांनी वाटी पुन्हा सुरू करायला सांगितली. आई हटून बसली. “देवाला काय तोंड दाखवू?” मग तिनं माझ्याकडे पाहिलं. “शब्द या घरातून गेलाय. घरातल्या कुणीबी पाळला तरी चालंल.”

दुपारी मेथीला लसणाची फोडणी बसली. आईनं समोर बसून पहिला घास घेतला. मी माझ्यापुढची मेथी बाजूला सारली आणि वरणात भाकरी चुरली.