बहिष्कार म्हणायचं नाई

ज्वारीचा डबा डोक्यावर घेऊन मी चक्कीत पाय टाकला अन् चक्कीवाल्यानं खटका पाडला. चक्की घरघर करत थांबली.

"लाईन गेली," तो म्हणला.

त्याच्या डोक्यावर बल्ब चालू होता. दळण घ्यायले आलेल्या बायका पदर तोंडाले लावून हासल्या.

"भाऊ, बल्ब तं चालू हाय."

"तुमच्यासाठी गेली."

गुन्हा काय आमचा? माहे आबाजी मेले त्या दिवशी धो धो पाऊस. मसनवाट्यातल्या टिनाच्या शेडखाली आम्ही त्यायले अग्नी देला. शेड सरकारी. पण गाव म्हणे ते आमचं, बौद्धपुऱ्यातल्यांनी आपलं मढं नाल्याकाठी न्यावं. माफी मागा म्हणे. मी म्हणलं, कायची माफी? झालं! चक्की बंद, दुकान बंद, वावरात निंदणाच्या मजुरीचं बोलावणं बंद. बाभुळगावचा ऑटो अर्धा रिकामा, तरी आमाले "सीट फुल". माय दळणासाठी शेजारच्या गावी पायी जाते. गुडघे सुजले तिचे.

बहिष्कार टाकला असं तोंडानं कोणीच म्हणत नाई. लय हुशार लोकं! म्हणलं का कायदा लागते, हे त्यायले पक्कं माहीत.

मी तक्रार केली. तालुक्याहून साहेब आले. ग्रामपंचायतीत साहेबाले अन् सरपंचाले खुर्च्या, आमाले सतरंजी.

साहेब म्हणले, "बाई, बहिष्कार हा फार मोठा शब्द आहे. दळण दिलं नाही, एवढ्यासाठी वापरतात का तो? गैरसमज म्हणा. उद्यापासून चक्की सुरू."

"बारावी शिकली न पोरगी," सरपंच म्हणला, "म्हणून मोठे मोठे शब्द."

सारे हासले. माह्या अंगाची लाही लाही झाली. तेवढ्यात बाबा माह्या कानाशी लागले, "म्हण न माय, गैरसमज. तुही माय थकली व."

बाबाचा आवाज रडवेला झालता. काळीज तुटलं माहं. अन् तेव्हाच डोक्यात उजेड पडला. यायले चक्की सुरू करायची हौस नोहती. तो शब्द आमच्याच तोंडून पुसून घ्याचा होता. आज पुसला का उद्या परत बंद कराले मोकळे.

मी सतरंजीवरून उठली अन् रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसली.

"साहेब, गैरसमज एखाद्याचा होते. सारं गाव ठरवून आमचं तोंड पाहत नाई, त्याले बहिष्कारच म्हणतेत. तेच लिवा."

साहेबानं पेनाले टोपण लावलं. बैठक मोडली. बाबा मले मांगं टाकून घराकडे चालाले लागले.

माय अजून पायीच जाते. मी संग जाते. साहेबानं लिवलं नाई, तं मीच वकील धरून केस टाकली; यवतमाळच्या कोर्टात लागली हाय. काल सरपंचाचा माणूस दारात आला, म्हणे केस मांगं घे, चक्की सुरू करतो.

मी म्हणलं, "सांग त्याले, पिठासाठी नाई लढून राह्यली मी. 'आम्ही बहिष्कार टाकला' हे त्याच्या तोंडून, जज्जासमोर ऐकल्याबिगर मी केस मांगं घेत नाई."