विहिरीला विचारून

“विहिरीला विचारलं का?”

आमच्या गिरगावातल्या वाडीत पंपाच्या बटणाकडे कुणाचाही हात गेला, की पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून हा प्रश्न खाली यायचा. आवाज मोठा नसायचा, पण असा स्वच्छ की चुकवायची सोय नाही. विचारणाऱ्या बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून निवृत्त झाल्या होत्या. सगळी वाडी त्यांना मावशी म्हणायची, त्यांच्याहून वयाने मोठी असलेली माणसंसुद्धा.

विहिरीला विचारायचं म्हणजे कठड्याला बांधलेला दोर आत सोडायचा. त्या दोराला ठरावीक मापावर मावशींनी आपल्या जुन्या साडीची लाल चिंधी बांधली होती. चिंधी भिजून वर आली तर पंप लावा. कोरडी आली तर आज विहिरीला सुट्टी. मग कितीही ओरडा, मावशी बधायच्या नाहीत.

प्यायला नळाचं पाणी होतंच. पण वाडीतल्या तिन्ही बिल्डिंगींचे संडास, जिन्यांची धुलाई, देवळाचं अंगण आणि फाटकाजवळची लाँड्री, हे सगळं त्या एका विहिरीवर चालायचं. सांडपाण्याच्या वाटेवर मावशींनी अळू लावलं होतं. त्या अळूच्या वड्या घरोघरी जायच्या. ज्याच्याशी कालच भांडण झालं, त्याच्या घरी आधी.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांना कुठलंही पद नसतं, तरी त्यांच्याशिवाय पान हलत नाही. मी वाडीच्या कमिटीचा सेक्रेटरी होतो, पण लोक तक्रार घेऊन यायचे ते माझ्या दारावरून पुढे, मावशींकडे. त्या मध्ये बोलायच्या नाहीत. समोरच्याचं संपेपर्यंत ऐकायच्या आणि म्हणायच्या, “झालं? आता दुसऱ्याचं ऐकते. मग दोघांना जोडून देते.” एक्स्चेंजमधली सवय असावी.

त्यांचे यजमान, आम्ही त्यांना काका म्हणायचो, अगदी उलट. दिवसभर पेपर वाचायचे. एकदा मी विचारलं, “काका, मावशी घरीही इतक्या शिस्तीच्या आहेत का?” काकांनी पेपर न उतरवता सांगितलं, “मला अजून सुट्टी मिळालेली नाही.”

एका उन्हाळ्याच्या सुरुवातीला शेजारची जुनी इमारत पाडली आणि तिथे टॉवरसाठी खोल खड्डा खणायला घेतला. दिवसरात्र पंपांची घरघर. खड्ड्यात झिरपणारं पाणी जाड पाइपातून थेट रस्त्याकडेच्या गटारात जायचं. आम्हाला वाटलं, त्यांचं ते बघतील.

मग आमची लाल चिंधी कोरडी वर यायला लागली. एक दिवस नाही, रोजच; तरी संडासांसाठी थोडा वेळ पंप लावावाच लागायचा. थोड्याच दिवसांत लाँड्रीवाला हातात साबण घेऊन मावशींच्या दारात आला. “मावशी, फेसच येत नाही हो. पाणी बिघडलं.” मावशी तशाच खाली उतरल्या. बादलीत बोट बुडवून जिभेला लावलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

“मचूळ लागतंय,” त्या हळूच म्हणाल्या.

संध्याकाळी देवळासमोर मीटिंग झाली. मीटिंग कसली, भांडणच. मागच्या बिल्डिंगवाले म्हणाले, पुढचे जास्त उपसतात. पुढचे म्हणाले, तुमच्याकडे भाडेकरू किती ते बघा. शेवटी मंडळाच्या पोरांपैकी एकजण उठला. “मावशी, टेन्शनच नको. खोल बोअर मारू, विषय संपवू.”

“मार की,” मावशी म्हणाल्या. “पण खाली कोण बसलंय ते ठाऊक आहे ना? चौपाटी इथून पायी जाण्यासारखी आहे. आपण गोडं पाणी उपसून जागा रिकामी केली, की समुद्र आत येणार. त्याला बोलवायला लागत नाही.”

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. त्यापूर्वी कधी सांगितली नव्हती. अलिबागला त्यांच्या माहेरची नारळी-पोफळीची वाडी होती. रहाटाच्या जागी भावाने पंप बसवला, मग आणखी मोठा. पाणी भरपूर मिळालं, म्हणून त्यांनी भाजीही लावली. “सुट्टीत गेले की मीच हौसेने पंप चालू करायची. थुईथुई पाणी यायचं. मग एका वर्षी पोफळींचे शेंडे पिवळे पडले. विहीर खारी झाली होती. नंतर पंप बंद केला, पण ती काही परत गोडी झाली नाही. माझे वडील रोज सकाळी जाऊन चव घेऊन यायचे. ते गेले तेव्हाही खारीच होती.”

बोअरवाला पोरगा खाली बसला.

दुसऱ्या दिवशी मावशी मला घेऊन साइटवर गेल्या. मी मनात कडक भाषेची तयारी करून गेलो होतो. पत्र्याच्या केबिनमध्ये एक तरुण इंजिनिअर होता, धाराशिवकडचा. मावशींनी आधी त्याला विचारलं, “जेवलास का रे?” आणि अळूवडीचा डबा पुढे केला. मग म्हणाल्या, “आता तुझं सांग. हे पाणी का उपसतोस?”

त्याला बहुधा कुणी असं विचारलंच नव्हतं. खड्डा कोरडा राहिला नाही तर पाया भरता येत नाही, बाजूच्या भिंतीही खचतील, असं त्याने समजावून सांगितलं. मग म्हणाला, “मावशी, आमच्याकडं एवढं पाणी लागलं तर लोक गुलाल उधळतील. आन मी हितं ते गटारात सोडतोय. घरी फोनवर आईला सांगितलं नाही मी.”

“मग गटारात कशाला? आमच्याकडे सोड.”

“गढूळ आहे. गाळ बसवायला टाकी लागंल.”

टाकी होती. वाडीच्या मागच्या बाजूला जुना सिमेंटचा मोठा हौद होता, पण त्यात गणपती मंडळाचं सामान ठेवलेलं. पोरं हवालदिल झाली. “मावशी, सामान कुठे टाकणार? बाहेर ठेवलं तर वाट लागेल.”

“माझा हॉल आहे की,” मावशी म्हणाल्या.

आणि खरोखरच सगळं त्यांच्या हॉलमध्ये गेलं. लाकडी खांब, मखर, झालरी आणि कागदाच्या लगद्याचे दोन भले मोठे हत्ती. मी संध्याकाळी गेलो तेव्हा काका त्या दोन हत्तींच्या मध्ये खुर्ची टाकून पेपर वाचत होते. एका हत्तीच्या सोंडेवर त्यांचा टॉवेल वाळत होता. “बसा,” ते म्हणाले, आणि मग आजूबाजूला बघून, “म्हणजे, जागा सापडली तर.”

इंजिनिअरने वरच्या साहेबांची परवानगी मिळवली आणि भिंतीवरून पाइप टाकून दिला. हौदात गाळ बसलेलं पाणी संडासाला आणि जिने धुवायला पुरायला लागलं. लाँड्रीला मावशींनी सकाळी स्वतःच्या नळाची जोडणी दिली. विहिरीचा पंप पूर्ण बंद झाला. “आता तिला झोपू दे,” मावशी म्हणायच्या. इंजिनिअर सुट्टीच्या दिवशी यायचा. त्याने पोरांना हाताशी धरून विहिरीशेजारी खडी-वाळूचा खड्डा केला आणि गच्चीवरच्या पाण्याचे पाइप त्यात आणून सोडले. पुढच्या-मागच्या बिल्डिंगींचा वाद त्या खडीच्या पाट्या उचलताना कधी मिटला, कुणालाच कळलं नाही.

मावशी मात्र आतून धास्तावलेल्या होत्या. रोज सकाळी एक तांब्या पाणी काढून चव घ्यायच्या आणि तांब्या उपडा करून वर जायच्या. अर्धा पावसाळा असा गेला. टॉवरचं तळघर बांधून झालं, पंप थांबले. एका सकाळी त्या कठड्याशी नेहमीपेक्षा जास्त वेळ उभ्या दिसल्या. मी जवळ गेलो. त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला.

“तुम्ही बघा. माझ्या जिभेवर माझाच विश्वास नाही.”

मी चाखून बघितलं. पाणी गोड होतं. मी तसं म्हटल्यावर त्यांनी पदराने डोळे पुसले आणि ताबडतोब मला ओरडल्या, “सगळं पिऊ नका, गाळलेलं नाही ते!”

पुढे मावशींच्या गुडघ्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली. आमच्या बिल्डिंगीला लिफ्ट नाही. मुलगी दोघांना डोंबिवलीला आपल्या घरी घेऊन गेली. मी दिवाळीनंतर भेटायला गेलो, तर दार काकांनी उघडलं.

“मावशी?”

“खाली,” काका म्हणाले, आणि मला गॅलरीत घेऊन गेले. सोसायटीच्या आवारात, पार्किंगच्या कडेला, बुजत आलेल्या एका बोअरभोवती पाच-सहा माणसं जमली होती. वॉचमन टॉर्च धरून वाकला होता. मध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर मावशी बसल्या होत्या, एक हात वर करून कुणाला तरी थांबवत.

“हाक मारू का?” मी विचारलं.

“छे,” काका म्हणाले. “आत्ता कुठे लोक एकमेकांशी बोलायला लागलेत.”

आत चहा उतू गेल्याचा वास आला. आम्ही दोघंही गॅलरीतून हललो नाही.