ब्रेकला लावलेलं कुंकू

वैशू, तो फोन स्पीकरवरून काढ आणि कानाशी धर. हां. आता जवळ बसल्यासारखं वाटतंय. नवी गाडी घेतलीस, पेढे भावाच्या हाती पाठवलेस, आणि गाडी काही मावशीच्या दारात आणली नाहीस. पुण्याहून सोलापूर म्हणजे परदेश आहे का गं? कारण मला ठाऊक आहे. आमच्या रेवतीच्या मोटरसायकलचं जे झालं, ते तुला कुणीतरी तिखटमीठ लावून सांगितलंय. मग आता माझ्याच तोंडून ऐक. तिखट मीही घालीन, पण घरचं.

तर मी माझ्या सुनेच्या गाडीचे ब्रेक निकामी केले. मनोभावे केले.

रेवती जनावरांची डॉक्टर. सांगोल्याकडच्या वस्त्यांवर मेंढ्या-शेरडं तपासत मोटरसायकलवरून हिंडते. उन्हाळ्यात एका डाव्या वळणावर रस्त्यावरच्या वाळूवरून तिची गाडी घसरली. हाड मोडलं नाही, नुसतं खरचटलं. पण तेव्हापासून डावं वळण आलं की पोरीचे हात आखडायला लागले. नव्या पेठेतल्या बाजारातून शुक्रवार पेठेत आमच्या घरी परत यायचं, तर ती सगळी उजवी वळणं शोधत अर्ध्या गावाला वळसा घालून यायची. (देवाची प्रदक्षिणाही उजवीकडूनच असते, त्यामुळे मला बरेच दिवस त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.)

संतोष, म्हणजे माझा मुलगा, एक दिवस जेवताना म्हणाला, "ती गाडी विकून टाक. चारचाकी घेऊ."

रेवतीनं घास खाली ठेवला. "मला एकदा शर्यतीच्या ट्रॅकवर जाऊ दे. हैदराबादकडं नवशिक्यांना शिकवतात. तिथं समोरनं ट्रक येत नाही, शेरडं आडवी येत नाहीत. नुसती वळणंच वळणं. तिथंबी नाही जमलं, तर विक."

"नक्की?"

"नक्की."

मी आमटी वाढत होते. माझा हात थांबला. ती गाडी तिनं स्वतःच्या पगारातून घेतली होती आणि लग्नात सासरी येताना त्याच गाडीवरून आली होती, हे तुला आठवत असेल. त्या एका दिवसावर आता सगळं आलं.

मग आमच्या गल्लीत गाडीची तयारी सुरू झाली. रेवतीनं आरसे काढले, नंबरप्लेट काढली, पुढच्या-मागच्या दिव्यांवर चिकटपट्टी मारली. समोरच्या लक्ष्मीअक्का पदर सावरत बघायला आल्या.

"रेवती, गाडी जोडायलीस का मोडायलीस?"

"अक्का, पडले तर काचा रस्त्यावर नको सांडायला."

'पडले तर' हे ऐकून मी आत जाऊन देवापुढं दिवा लावून आले. बाहेर येते तर ती टायरमधली हवा सोडत होती. कमी हवेचं रबर रस्ता नीट धरतं म्हणाली. ती हात धुवायला गेली तेवढ्यात संतोषनं पंप आणून हवा परत भरली, कारण चाक बसलेलं दिसलं. दोघांत त्यावरून जे बोलणं झालं ते मी फोनवर सांगत नाही.

मग कुणाचा तरी वापरलेला चामड्याचा सूट आला. त्याच्या पाठीवर एक उंचवटा. शिंप्याच्या हातून चुकलं असेल, म्हणून मी कात्री घेऊन उसवायला बसले. रेवतीनं तो माझ्या मांडीवरून अलगद उचलून नेला. "आई, तो वाऱ्यासाठी असतो." बरं बाई, असेल.

गाडीच्या पोटातलं, इंजिन थंड ठेवायचं हिरवं पाणी काढून तिनं साधं पाणी भरलं. म्हणाली, "तिथं निसरडं काही चालत नाही आई. एक थेंब रस्त्यावर सांडला की मागचा माणूस आडवा." हे वाक्य मी पक्कं ध्यानात ठेवलं. नंतर कुणी म्हणालं की मला सांगितलं नव्हतं, तर ते खोटं आहे. सांगितलं होतं. ब्रेकमधले पॅडसुद्धा तिनं नवे बसवले. शेंगाच्या पोळीच्या तुकड्याएवढी वस्तू. तीच त्या चकचकीत तबकडीला दोन्ही बाजूंनी दाबून धरते आणि गाडी थांबते, असं तिनं मला समजावून दिलं. मी मान डोलावली.

निघायच्या सकाळी रेवती अंघोळीला गेली होती आणि संतोष पिकअप आणायला. गल्लीत मी आणि गाडी. आता तुला माहीत आहे, आमच्या घरी माग होते तेव्हा खंडेनवमीला प्रत्येक मागाला कुंकू मीच लावायची. कोरडं कुंकू लोखंडावर टिकत नाही, म्हणून आधी तेलाचं बोट, मग कुंकवाचं. तेल लावल्याशिवाय यंत्र राबत नाही, हे त्या घरात सून म्हणून आल्यावर मी पहिल्यांदा शिकले. सून एवढ्या लांब यंत्र घेऊन निघालीय आणि त्याला बोटभर तेल नाही, हे माझ्या जिवाला बरं वाटेना.

टाकीवर स्वस्तिक काढायला गेले, तर तिथं ट्रॅकसाठीचे मोठाले आकडे चिकटवलेले. मग चाकाजवळची ती तबकडी दिसली. गोल, भोकाभोकांची, ताटासारखी लखलखीत. सगळ्या गाडीत कुंकवाला शोभणारी जागा तीच. तेलाचा एक ओघळ आतल्या फटीत गेला. म्हटलं बरंच झालं, पार आतवर पोचलं.

आणि वैशू, खाली वर्तमानपत्र पसरलं होतं. रस्त्यावर एक थेंब सांडू दिला नाही मी.

संतोष पिकअप घेऊन आला. गल्लीतल्या माणसांनी गाडी उचलून वर ठेवली, तिच्यावर आपली सोलापुरी चादर घालून दोरीनं आवळली, आणि आम्ही निघालो. मी का गेले विचारशील. तर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी कुणाच्या भरवशावर पाठवायची?

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅकवर आधी तपासणी. रांगेत आमच्या गाडीची पाळी आली. तपासणारा एक किडकिडीत पोरगा होता. त्यानं चेन पाहिली, टायर पाहिले, खूश झाला. मग गाडी पुढं ढकलून त्यानं ब्रेक दाबला. गाडी चालतच राहिली. तोही तिच्याबरोबर चालत राहिला, आणि दोघं चहाच्या टेबलाला जाऊन लागले.

तो वाकला. तबकडीला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं.

"तेल. और ये लाल क्या है?"

"कुंकू," मी म्हणाले.

"अम्मा, ब्रेकां को कुंकू कौन लगाता?"

"कुणीच लावलं नव्हतं, म्हणून तर मी लावलं."

मागं कुणी तरी हसलं. तो मात्र हसला नाही. हळू आवाजात म्हणाला, "अम्मा, इसपे बैठ के वो पहले मोड पे जाती, तो गाडी रुकतीच नै."

बाजूला टायर रचून ठेवले होते, मी त्यांच्यावर बसले. मी दिव्यात घालायच्या तेलानं काय करायला निघाले होते, ते तेव्हा मला दिसलं. तबकडी लखलखीत होती तशीच होती.

रेवती माझ्यासमोर उकिडवी बसली. मला वाटलं आता बोलेल. बोलू दे, म्हटलं, ऐकून घ्यायचं.

"आई, मागच्या चाकालाबी लावलंत?"

"लावलं की. एकाला लावून दुसऱ्याला तसंच कसं ठेवायचं?"

तिनं कपाळाला हात लावला. तबकडी पुसता येते म्हणे, पण पॅड तेल पितात. प्यालेलं काही परत देत नाहीत. आणि दुसरे पॅड तिथं विकत मिळत नव्हते.

संतोष चादरीची घडी उलगडायला लागला. "चला. बांधू गाडी. झालं ते झालं." चांगल्या मनानं म्हणाला बिचारा. पण रेवतीचा चेहरा मी पाहिला. ती गाडीकडं नाही, समोरच्या डाव्या वळणाकडं बघत होती.

"संतोष, चादर ठेव खाली," मी म्हणाले, आणि डबा उचलला.

त्या रांगेत कितीतरी गाड्या होत्या. मी प्रत्येकीपुढं उभी राहून आमच्या गाडीसारखी दिसते का, ते न्याहाळत गेले. शेवटी एक तशीच सापडली. तिच्याशेजारी एक दांडगा गडी हाताला पट्टी बांधून खुर्चीत बसला होता. आदल्या दिवशी पडला होता. आपल्याच अक्कलकोटच्या बाजूचा निघाला.

"काय पाहिजे आज्जी?"

"तुझे ब्रेक."

"माझे ब्रेक?"

"तुला आज लागत नाहीत की. हात बांधलाय."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग डब्याकडं. "त्यात काय हाय?"

"शेंगाची चटणी. कडक भाकरी."

"दही न्हाय?"

"दही कुठनं आणू रे? गाडीचं काम आहे, पंगत नाही."

त्यानं डबा मांडीवर घेतला आणि एका हातानं झाकण उघडायला लागला. "काढून घ्या आज्जी. दोन्ही चाकांचे घ्या."

पॅड बदलले. तबकडी पुसपुसून काढली. रेवतीची पहिली पाळी हुकली होती, पण त्या पोरानं परत गाडी ढकलून पाहिली, या वेळी ती जागच्या जागी थांबली. "पहले आहिस्ता जाओ," म्हणाला. मग माझ्याकडं वळून, "अम्मा, आप उधर बैठो. दूर."

मी दूर बसले. ट्रॅककडं पाठ करून बसले. संतोष कठड्याला उभा राहून मला सांगत होता. "निघाली. हळू आहे. उजवं वळण झालं. आता डावं आलं, आई." मी पदर तोंडाशी धरला. पुढं काय, हे विचारायचाही धीर होईना.

"गेली," तो म्हणाला. डावं वळण मागं पडलं होतं.

रेवती परत आली, हेल्मेट काढलं. केस घामानं चिकटलेले. माझ्यापाशी येऊन म्हणाली, "आई, डावीकडनं घरी जाऊ आता." संतोषनं विकायचं नाव पुन्हा काढलं नाही. चादरीची घडी मात्र त्यानं दोनदा चुकवली.

तेव्हापासून आमच्या घरात नियम झालाय. दसऱ्याला गाड्यांची पूजा रेवती करते. माझ्याकडं झेंडूचा हार दिला जातो, आणि मी हार घालताना संतोष माझी बोटं तपासतो. तेलाची बाटली त्या दिवशी लक्ष्मीअक्कांच्या घरी मुक्कामाला असते.

म्हणून म्हणते वैशू, भिऊ नकोस. ये लवकर, येत्या रविवारीच ये. गाडी गल्लीच्या तोंडाशीच लाव हवी तर, मी गच्चीवरून ओवाळीन.