परतबोलीचे चाळीस डबे

"ऐका पा," असं म्हणून काका तो कॉम्प्युटरचा डबा सरळ माझ्या कानाला लावायचे.

मी कान देऊन ऐकायचो. "काका, काहीच ऐकू येत नाही."

"तेंच कीं! पंखा नाहीं, चक्र नाहीं, धडधड नाहीं. चेन्नईच्या धुळींत कॉम्प्युटरचा पंखा पहिल्यांदा मरतो. ज्याला पंखाच नाहीं, तो मरणार कसा?"

समोरच्याला हे पटलं की नाही, याची ते वाट बघत नसत. डबा तोवर पुढच्या माणसाच्या कानाला लागलेला असे. पहारेकरी, कॅन्टीनवाला, लिफ्टमध्ये अडकलेली एखादी बिचारी मुलगी, कुणीही त्यांना चाले.

आमच्या कंपनीत ते इलेक्ट्रिशियन होते. तेही कंपनीचे नव्हेत, कंत्राटदाराचे. साठीला टेकलेले, सडपातळ, शर्टाच्या खिशात टेस्टर आणि कपाळावर बारीक गंध. मी कराडहून नुकताच आलो होतो आणि आठवडाभर मराठीचा एक शब्द कानावर पडला नव्हता. एके दिवशी यूपीएसच्या खोलीतून आवाज आला, "तुम्हीं मराठी कीं? जेवलांत?" मी दचकलोच. माझ्या पणजोबांच्या पत्रांत असायची ती भाषा हा माणूस टेस्टर हातात धरून बोलत होता. घराणं तंजावरचं, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच. महाराष्ट्र त्यांनी कधी पाहिला नव्हता आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. मी त्यांना काका म्हणू लागलो, ते मला तंबी म्हणत. तंबी म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ. वयाचा हिशेब दोघांनीही केला नाही.

आता त्या डब्यांविषयी सांगायला हवं. थिन क्लायंट म्हणजे जाड वहीएवढा कॉम्प्युटर. त्यात हार्ड डिस्क नसते, सगळं काम दूरचा सर्व्हर करतो आणि हा नुसता पडद्यावर दाखवतो. आमच्याकडे असे चाळीस डबे स्टोअरमध्ये पडून होते, कारण त्यांच्या जागी नवे आले होते. भंगारवाला येऊन गेला. त्याने मॉनिटर नेले, वायरी नेल्या आणि हे डबे हातात तोलून परत ठेवले. फारच हलके. माझा साहेब म्हणाला, "कुणाला हवे असतील तर देऊन टाक, शुक्रवारपर्यंत स्टोअर रिकामं पाहिजे."

"मज द्या," काका म्हणाले. "चाळीसही द्या."

त्यांनी त्या डब्यांचं जे केलं, ते मी वेलचेरीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात बसून पाहिलं आहे. आतली इवलीशी मेमरी काढायची, तिच्या जागी कॅमेऱ्याचं कार्ड बसवायचं, मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीतलं लिनक्स त्यावर चढवायचं. रिची स्ट्रीटवरच्या जुन्या मालाच्या ढिगातून रॅम शोधून आणायची. काकू कॉफीचे पेले घेऊन यायच्या आणि ठेवायला जागा न दिसल्याने तशाच उभ्या राहायच्या. मग एकदाचा पडदा उजळला की काका पत्त्यांचा खेळ लावून बघत. खेळ चालला म्हणजे डबा पास. "गेम चालली तर पत्र, फोटो, हिशेब, सगळें चालतें," ही त्यांची परीक्षा. एकाने नवी, मारामारीची गेम मागितली तेव्हा मात्र ते चिडले. "जुने खेळ खेळतो म्हणतो डबा बिचारा. नवे मागून त्याला कां रडवतां?"

चाळीस डबे चाळीस घरी गेले. ज्यांनी कधी कॉम्प्युटर घेतलाच नसता, अशी सगळी घरं.

आणि आता माझी करणी. आमच्या गेटवर पासाची दोन पुस्तकं होती. पांढरा पास म्हणजे वस्तू गेली ती गेली. गुलाबी म्हणजे परतबोलीवर, काही दिवसांनी परत यायची. पांढऱ्यावर प्रशासनाच्या मुख्य साहेबांची सही लागे आणि साहेब त्या दिवशी मीटिंगमध्ये होते. गुलाबीवर माझी चाले. टेम्पो गेटवर उभा, पहारेकरी घड्याळ बघतोय. मी नवा, घाईचा आणि शहाणा. चाळीस गुलाबी पास फाडले, 'नेणारा' या रकान्यात काकांचं नाव लिहिलं आणि परत येण्याची तारीख म्हणून तीन महिने पुढची टाकली. त्यानंतर मी ते साफ विसरलो.

ऑडिटर विसरला नाही. पाच महिन्यांनी त्याने मला बोलावलं. "चाळीस मशीन्स बाहेर आहेत. मुदत उलटून गेली. कोणी नेली?"

ज्या साहेबाने तोंडी हुकूम दिला होता, तो परदेशी बदलून गेलेला. मेल केली तर उत्तर आलं की आठवत नाही, कागद काय म्हणतो ते बघा. पुढच्याच शुक्रवारी माझं प्रोबेशन संपणार होतं. घरी आईने गल्लीभर सांगून ठेवलं होतं की पोरगा चेन्नईला कायम झाला. ऑडिटरने पुन्हा विचारलं, "कोणी नेली?" आणि माझ्या तोंडून काकांचं नाव निघालं. साहेबांनी मला द्यायला सांगितली, पास मी चुकीचा फाडला, यातलं काहीही न सांगता नुसतं नाव. पासावर तेच लिहिलंय, अशी मी स्वतःची समजूत घातली. तुमच्यापैकी कुणी अशी समजूत घातली असेल, तर ती किती वेळ टिकते हे तुम्हाला ठाऊक असेलच.

ऑडिटरने मंगळवारपर्यंतची मुदत दिली. डबे दाखवा, नाहीतर चोरीची तक्रार.

मी काकांकडे गेलो आणि गुलाबी पासाची गोष्ट सांगितली. नाव सांगितल्याची नाही सांगितली. ते टेस्टरच्या टोपीची उघडझाप करत राहिले. मग म्हणाले, "सेरी, ठीक. गोळा करूं. पण तंबी, लोकांस मी परत द्यायचा शब्द देणार. गेटाच्या आंत न्यायचें काम माझें. बाहेर काढायचें तुमचें."

मी हो म्हणालो. कसं करणार होतो, देव जाणे.

शनिवार-रविवार आम्ही फिरलो. काकांपाशी यादी नव्हती. घरं त्यांच्या लक्षात होती ती विजेच्या खोडींवरून. "अर्थिंग नाहीं तें घर झालें. आतां फ्रिजला हात लावला कीं झिणझिण्या येतात तें." एक रिटायर्ड बाई डब्यावर रांगोळ्यांचे नमुने काढत. त्यांनी डब्याला झालरीचा अभ्रा शिवला होता आणि तो काढू देईनात, तेव्हा डबा अभ्र्यासकट घेतला. ओरगडमला तर बसने गेलो. तिथल्या गाड्यांच्या कारखान्यातले शिकाऊ कामगार एका खोलीत राहत आणि सुटीच्या दिवशी आळीपाळीने मोटारींची शर्यत खेळत. त्यांची स्पर्धा ऐन रंगात आलेली. एकाने विचारलं, "काका, परत नाही आला तर?" काकांनी छातीवर हात ठेवला. "मंगळवारीं मोकळा होतो. बुधवारीं सकाळीं तुमच्या कारखान्याच्या बसमध्यें."

एक घर मात्र माझ्या मनातून जात नाही. तिथल्या आजोबांची उजवी बाजू वर्षापूर्वी गेली होती. डाव्या हाताने माऊस धरून ते दिवसभर पत्ते खेळत. बोलता येत नव्हतं, पण डाव जिंकला की पलंगाच्या कडेवर बोटाने दोनदा वाजवत आणि आजी स्वयंपाकघरातून "झालं का?" म्हणून ओरडत. आम्ही डबा उचलला तेव्हा आजोबांनी काकांचं मनगट धरलं. काका खाली बसले आणि तमिळमध्ये हळूहळू सांगत राहिले. मनगट सुटायला वेळ लागला. जिना उतरताना डबा माझ्या हातात होता. माझी नोकरी वाचावी म्हणून मी एका माणसाचा दिवस उचलून नेत होतो.

मंगळवारी चाळीसही डबे स्टोअरमध्ये मांडले. ऑडिटरने नंबर वाचले, खुणा केल्या, चाळीस. मी सुटकेचा श्वास सोडतो न सोडतो तोच प्रशासनाच्या नव्या मुख्य मॅडम म्हणाल्या, "छान. आता राहू देत इथेच. पुढच्या तिमाहीत कमिटी ठरवेल."

काका दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं त्या वेळी मला वाटलं.

"मॅडम," मी म्हणालो, "हे आजच परत द्यायचे आहेत."

"कोणाला?"

"ज्यांच्याकडून आणले त्यांना. साहेबांनी देऊन टाकायला सांगितले होते. मी पांढऱ्याऐवजी गुलाबी पास फाडला. चूक माझी आहे. यांनी फक्त मी दिलं ते नेलं."

"तुमचं प्रोबेशन कधी संपतंय?"

"शुक्रवारी."

मॅडमनी एकदा काकांकडे पाहिलं, एकदा ऑडिटरच्या टिपणाकडे, आणि मग माझ्याकडे. ती नजर मला तेव्हा कळली नाही. त्या उठून डब्यांच्या रांगेपाशी गेल्या. कशावर हळदीकुंकू, कशावर पोराचं नाव. झालरीचा अभ्रा त्यांनी दोन बोटांनी उचलून पाहिला. एका डब्यावर चिकटपट्टीने कागद लावला होता, तमिळमध्ये. त्यांनी तो वाचला आणि आम्हालाही सांगितला: "यांचा डावाच हात चालतो. माऊसची बटणं उलटी केली आहेत. कृपा करून बदलू नका."

"यांचा म्हणजे कुणाचा?" मॅडमनी विचारलं.

तेव्हा काका बोलले. पलंग, पत्ते, कडेवर वाजवलेलं बोट, सगळं. दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील. ऑडिटर उगाचच आपले कागद सारखे करत होता.

"पांढरं पुस्तक आणा," मॅडम म्हणाल्या.

नियमाने प्रत्येक नंबरचा वेगळा पास. त्यांनी चाळीस सह्या केल्या. सव्विसाव्या सहीला पेन संपलं, तेव्हा मी माझं दिलं. टेम्पो गेटबाहेर पडला तेव्हा मी रस्त्यातच मोठमोठ्याने हसायला लागलो. संध्याकाळी आजोबांच्या घरी डबा जोडला, पहिला डाव ते हरले आणि चिडून आमच्याकडे बघू लागले. इतकं बरं मला क्वचितच वाटलं असेल. शुक्रवारी कायम झाल्याचं पत्रही हाती पडलं.

पण ते नाव सांगितल्याचं मनात राहिलंच. जवळजवळ दोन वर्षं मी त्यांच्या घरी कॉफी पीत होतो, आणि दर वेळी आज सांगू म्हणून जात होतो.

मग आमचं ऑफिस दुसऱ्या इमारतीत गेलं, तिथले कंत्राटदार वेगळे. काका-काकू मुलीकडे तंजावरला जायला निघाले. मी कोयंबेडूच्या बसस्टँडवर पोचवायला गेलो. सामान चढलं, काकू आत बसल्या. आता नाही तर कधीच नाही, म्हणून मी घाईघाईने म्हणालो, "काका, त्या वेळी ऑडिटरला मी तुमचं नाव सांगितलं होतं. नुसतं तुमचं."

"ठाऊक आहे कीं," ते म्हणाले. "दुसऱ्याच दिवशीं ऑडिटरनें मज बोलावून विचारलें, हें खरें काय? मीं म्हटलें, खरें. पासही मींच तसा भरायला लावला म्हणून सांगितलें. लिहून दिलें."

मॅडमनी तेव्हा टिपणाकडे का पाहिलं, ते आत्ता कळत होतं.

"अहो, पण का? तुमची नोकरी गेली असती."

"गेली असती तर गेली असती. वायर सगळीकडे आहे, तंबी. माझ्या हातास काम मिळतें. तुमची नोकरी अजून लागायची होती."

"आणि डबे गोळा करत हिंडलो तेव्हा हे सगळं तुम्हाला ठाऊक होतं?"

"मग? तुम्हीं सांगाल म्हणून थांबलों," ते म्हणाले. "मॅडमसमोर सांगितलेंत कीं. झालें तें. परवाइल्ले, कांहीं हरकत नाहीं."

कंडक्टरने शिट्टी फुंकली, ते चढले. शरमेने माझे कान तापले होते आणि त्याच वेळी छाती इतकी हलकी झाली होती की काय करावं सुचेना. बस वळली तरी मी तसाच उभा. हात हलवायचं मला सुचलंच नाही. खिडकीतून तेच हलवत होते.